नॉक्टर्नल: ताऱ्यांवरून रात्रीची वेळ सांगणारं जुनं यंत्र, घरी कसं बनवायचं आणि कसं वापरायचं

सूर्यघड्याळ सगळ्यांना माहिती असतं, शाळेच्या पुस्तकात असतं, बागेत असतं, पण रात्री काय करायचे लोक हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. उत्तर एकदम सुंदर आहे. रात्री आकाशातच एक मोठा काटा फिरत असतो, ध्रुवताऱ्याभोवती, आणि त्याच्यावरून वेळ वाचायला हातात मावेल एवढी एक तबकडी पुरते. तिला नॉक्टर्नल म्हणतात. युरोपातल्या जहाजांवर १६व्या ते १८व्या शतकात ही वस्तू सर्रास असायची, कधी लाकडाची, कधी पितळेची. १५५१ मधे मार्टिन कोर्तेस या स्पॅनिश माणसाने नौकानयनावर पुस्तक छापलं त्यात ती कशी बनवायची हे दिलंय, आणि त्याच्याही आधी १३व्या शतकात मायोर्का बेटावरच्या रामोन युल या तत्त्वज्ञाने असल्या यंत्राचं वर्णन केलेलं आहे.

हे यंत्र प्रिंट काढून चिकटवण्यापेक्षा समजून आखावं असं माझं ठाम मत आहे, कारण यातली प्रत्येक रेघ का तिथे आहे हे कळलं की नंतर यंत्र घरी राहिलं तरी तुम्ही नुसत्या डोळ्यांनी अर्ध्या पाऊण तासाच्या फरकाने वेळ सांगू शकता. म्हणून आधी थोडं तत्त्व, मग कात्री.

आधी आकाशात काय चाललंय ते

उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. ध्रुवतारा जवळजवळ जागचा हलत नाही आणि बाकीचे तारे त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात. हे "उलट" डोक्यात पक्कं बसवा, कारण बहुतेक गडबड इथेच होते. एक फेरी साधारण २४ तासांची, म्हणजे तासाला १५ अंश, आणि १ अंश म्हणजे ४ मिनिटं.

आता काटा कुठला? सप्तर्षीच्या चौकोनाचे पुढचे दोन तारे, क्रतू आणि पुलह. ॲपमधे ते दुभे आणि मेरॅक नावाने सापडतील. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढून ती त्या दोघांमधल्या अंतराच्या साधारण पाचपट पुढे नेली की ध्रुवतारा, हे बऱ्याच जणांना माहिती असतंच. तीच रेघ उलटी बघा, ध्रुवापासून या दोन ताऱ्यांकडे, हा झाला आपला तासकाटा.

पण हा काटा दिवसाला जवळपास ४ मिनिटं पुढे पळतो. पृथ्वी सूर्याभोवती पण फिरत असल्यामुळे ताऱ्यांची फेरी २३ तास ५६ मिनिटांतच पुरी होते, त्यामुळे आज रात्री १२ वाजता काटा जिथे आहे तिथे तो उद्या ११:५६ लाच पोचलेला असतो. महिन्याला हा फरक २ तासांचा होतो, वर्षाला बरोबर २४ तासांचा, म्हणजे हिशोब परत शून्यावर. म्हणून नॉक्टर्नलला दोन चकत्या लागतात, एक तारखेची आणि एक तासांची. तारखेची चकती हा रोजचा ४ मिनिटांचा फरक खाऊन टाकते, बाकी काही नाही.

राहिला एकच आकडा, सुरुवात कुठून करायची. क्रतू आणि पुलह हे मध्यरात्री ध्रुवाच्या बरोबर डोक्यावर कधी येतात? आजच्या काळात ८ मार्चच्या आसपास. ही एक तारीख मिळाली की सगळं यंत्र तिच्यावरून आखता येतं.

सामान

जाड पुठ्ठा (पातळ घेऊ नका, हवेने वाकतो आणि मग वाचन चुकतं), कंपास, कोनमापक, कटर, स्केल, आणि मधल्या आसासाठी एक पोकळ नळी, साधारण ६ मिलीमीटर आतल्या व्यासाची. जुन्या स्केचपेनची नळी कापून चालते, जाड स्ट्रॉ चालतो, मोठं आयलेट मिळालं तर सगळ्यात भारी. पोकळच पाहिजे, कारण याच भोकातून ध्रुवतारा बघायचाय. भोक फार बारीक ठेवलं तर अंधारात तारा सापडता सापडत नाही, आणि फार मोठं ठेवलं तर तारा मधोमध आहे की कडेला ते कळत नाही, ६ मिलीमीटर ठीक पडतं. शिवाय दोरा आणि एक लहान वजन, ओळंब्यासाठी.

तारखेची चकती

ही स्थिर चकती, हँडल हिलाच जोडलेलं असतं. त्रिज्या ८ सेंटीमीटर घ्या. सगळ्यात वरच्या बिंदूला ८ मार्च लिहा आणि तिथून डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने, तारखा पुढे न्या. एका दिवसाला एक अंशापेक्षा किंचित कमी पडतो, ३६० भागिले ३६५. प्रत्येक महिन्याची १ तारीख वरच्या बिंदूपासून उलट दिशेने किती अंशावर येते ते काढून देतो: एप्रिल २४, मे ५३, जून ८४, जुलै ११३, ऑगस्ट १४४, सप्टेंबर १७५, ऑक्टोबर २०४, नोव्हेंबर २३५, डिसेंबर २६४, जानेवारी २९५, फेब्रुवारी ३२५, मार्च ३५३. लीप वर्षाची काळजी करू नका, त्याने फार तर ४ मिनिटं हलतात आणि तेवढी अचूकता या यंत्रात नाहीच.

मधल्या तारखांच्या सगळ्या रेघा मारायच्या भानगडीत पडू नका. ८ सेंटीमीटर त्रिज्येवर एक दिवस म्हणजे जेमतेम १.४ मिलीमीटर, रात्री ते दिसणार नाही. दर ५ दिवसांनी एक रेघ मारा, साधारण ७ मिलीमीटर अंतर पडतं, छान वाचता येतं.

हँडल बरोबर खाली, वरच्या बिंदूच्या समोर. आखणी बरोबर असेल तर हँडलची मधली रेघ ६-७ सप्टेंबरवर यायला पाहिजे. नाही आली तर कुठेतरी महिना सरकलाय, आत्ताच शोधा.

तासांची चकती

त्रिज्या ६ सेंटीमीटर, म्हणजे तारखेच्या चकतीची कड बाहेर दिसत राहील. हिचे २४ भाग करा, प्रत्येकी १५ अंश, आणि तास पण घड्याळाच्या उलट दिशेने लिहा. मध्यरात्र, मग तिच्या डावीकडे १, मग २, असं. मधे अर्ध्या तासाच्या आणि जमलं तर पाव तासाच्या रेघा. पाव तास म्हणजे ४ मिलीमीटरला जरासं कमी, तेवढं पेन्सिलने आरामात होतं. दुपारचे तास खरं तर वापरात येत नाहीत पण पूर्ण चकती आखा, कारण दुसरे तारे वापरायचे झाले की त्या बाजूची गरज लागते, ते पुढे येईलच.

आता या यंत्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. जुन्या नॉक्टर्नलच्या तासांच्या चकतीला कडेने दाते असायचे, एकेका तासाला एक, आणि मध्यरात्रीचा दाता बाकीच्यांपेक्षा लांब. डेकवर दिवा धरून आकडे वाचायची गरजच नाही, काटा ताऱ्यांवर लावला की यंत्र खाली घ्यायचं, अंगठ्याने लांब दाता शोधायचा आणि तिथून काट्यापर्यंत दाते मोजत जायचं. डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही आणि वेळ कळते. तुम्ही पण हे नक्की करा, पुठ्ठ्याला प्रत्येक तासाच्या रेघेवर बाहेर आलेलं ३-४ मिलीमीटरचं टोक ठेवून मधला भाग कापून टाका, आणि मध्यरात्रीचं टोक दुप्पट लांब ठेवा म्हणजे ते तारखेच्या रेघांपर्यंत पोचेल आणि तारीख लावायला पण तेच उपयोगी पडेल.

काटा

इथे लोक कंजुषी करतात आणि मग यंत्र चालत नाही. काटा चकतीच्या बाहेर भरपूर लांब यायला पाहिजे, कारण क्रतू ध्रुवापासून साधारण २८ अंशांवर आहे आणि पुलह ३४ अंशांच्या जवळ. यंत्र डोळ्यापासून ३० सेंटीमीटरवर धरलं तर क्रतूपर्यंत पोचायला मध्यापासून १६ सेंटीमीटर आणि पुलहापर्यंत २० सेंटीमीटर लांबी लागते. म्हणून २१-२२ सेंटीमीटरचा काटा कापा. तो कडक असू दे, लागलं तर दोन पट्ट्या एकमेकांवर चिकटवा.

आणि एक बारीक गोष्ट, जी फोटो बघून केलं तर हमखास सुटते. काट्याची जी कड ताऱ्यांना लावायची ती कड वाढवली तर भोकाच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. काट्याची मधली रेघ नाही, कड. अंधारात पट्टीच्या मधे काढलेली रेघ दिसत नाही, कड दिसते, कारण तिच्यामागचे तारे झाकले जातात. त्यामुळे भोकाजवळ काटा रुंद ठेवायचा आणि बाहेरचा सगळा भाग मध्यरेषेच्या एकाच बाजूला राहील असा कापायचा.

जोडताना क्रम असा: मागे तारखेची चकती हँडलसकट, तिच्यावर तासांची, सगळ्यात वर काटा, आणि नळी तिन्हींतून आरपार. चकती आणि काटा फिरले पाहिजेत पण सैल नको, हात काढला की जागेवर थांबले पाहिजेत. सैल झालं तर मधे कागदाची वॉशर घाला. ओळंब्याचा दोरा तारखेच्या चकतीच्या मागून वरच्या बिंदूला अडकवा, तो हँडलच्या मधल्या रेघेवर लोंबला पाहिजे.

वापरायचं कसं

उजेडात असतानाच मध्यरात्रीचं लांब टोक आजच्या तारखेवर लावून घ्या. मग बाहेर जा आणि डोळ्यांना १५-२० मिनिटं द्या. उत्तरेकडे तोंड, यंत्राची आखलेली बाजू आपल्याकडे, हँडल सरळ खाली, ओळंबा रेघेवर. भोकातून ध्रुवतारा बघा. आता यंत्र न हलवता दुसऱ्या हाताने काटा फिरवा, त्याची कड क्रतू आणि पुलह दोघांना एकदम चिकटेपर्यंत. एक डोळा बंद ठेवावा लागतो, आणि काटा धूसर दिसणार कारण नजर लांबच्या ताऱ्यांवर आहे, ते चालतं. ध्रुव परत बघा, अजून भोकात आहे ना? बहुतेक वेळा पहिल्यांदा निसटलेला असतो. दोन्ही जमलं की यंत्र खाली घ्या आणि काट्याची कड तासांच्या चकतीवर कुठे आहे ते वाचा किंवा दाते मोजा.

समजा २० नोव्हेंबर आहे आणि क्रतू-पुलह ध्रुवाच्या बरोबर उजवीकडे, आडवे आहेत. वरच्या बिंदूपासून उलट दिशेने मोजलं तर उजवीकडची बाजू म्हणजे १८ तास. ८ मार्च ते २० नोव्हेंबर साधारण ८.४ महिने, दुप्पट केले की १६.८ तास. १८ वजा १६.८ म्हणजे १.२, रात्रीचा सव्वा वाजायला आलाय. यंत्र हेच वजाबाकीचं काम चकती फिरवून करतं, आणि हा हिशोब तोंडी जमायला लागला की यंत्राशिवाय पण काम भागतं. उत्तर उणे आलं तर २४ मिळवायचे.

घड्याळाशी जुळत नाही, असं का?

पहिलं कारण रेखांश. नॉक्टर्नल तुम्ही उभे आहात त्या जागेची वेळ सांगतं आणि मोबाईल अख्ख्या टाइम झोनची. झोनच्या प्रमाण रेखावृत्तापासून तुम्ही जितके अंश पश्चिमेला तितके गुणिले ४ मिनिटं मिळवा, पूर्वेला असाल तर वजा करा. ८ अंश पश्चिमेला म्हणजे ३२ मिनिटं, हा काही छोटा फरक नाही, आणि लोक उगाच यंत्राला दोष देतात. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणाऱ्या देशात असाल तर आणखी एक तास.

त्यानंतर जो फरक उरेल तो कसा वागतो ते बघा. रोज आणि रात्रभर सारखाच फरक येत असेल तर एक तर रेखांशाचा हिशोब चुकलाय किंवा ८ मार्च वरच्या बिंदूवर नाहीये. एकाच रात्रीत तासातासाला फरक वाढत असेल तर तासांची चकती सुलट आखली गेलीय. त्या रात्री बरोबर पण महिन्याभराने ४ तासांचा घोळ, तर तारखा सुलट आखल्यात. आणि कधी १० मिनिटं पुढे कधी १० मिनिटं मागे, तर यंत्र ठीक आहे, तुमचा हात हलतोय. अडीच अंश कललं की १० मिनिटं जातात, म्हणून तर ओळंबा. तीन वेळा वाचून मधली वेळ धरायची सवय लावा. १०-१५ मिनिटांच्या आत आलात तर तुम्ही चांगलं काम केलंत, जहाजावर सुद्धा याच्याकडून यापेक्षा फार अपेक्षा नव्हती. तिथे रात्रभर अर्ध्या तासाची वाळूची घड्याळं उलटी करत पहारे मोजायचे, आणि त्यात साठत गेलेली चूक आकाशाकडे बघून पकडता येणं हीच मोठी गोष्ट होती.

म्युझियममधल्या जुन्या नॉक्टर्नलची हुबेहूब कॉपी करायचा मोह होतो, शोभेला करा, वेळ बघायला नको. पृथ्वीचा आस सावकाश घुमतो त्यामुळे क्रतूची ती मध्यरात्रीची तारीख साधारण ४५० वर्षांत आठवडाभर सरकलीय, आणि वर १५८२ च्या आधीच्या यंत्रावर ज्युलियन कॅलेंडर असतं त्यामुळे आणखी १० दिवस. कोर्तेसच्या काळच्या यंत्रावर आपल्या ८ मार्चच्या जागी फेब्रुवारीच्या उत्तरार्धातली तारीख असणार. शिवाय तेव्हा ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून तीन अंशांच्या आसपास लांब होता, आज तो पाऊण अंशाच्या आत आलाय. म्हणजे पुठ्ठ्याचं का असेना, पण आजचं नॉक्टर्नल या बाबतीत त्या पितळी यंत्रांपेक्षा सरस ठरतं.

सप्तर्षी दिसत नसेल तर

तुमचा अक्षांश ३४ पेक्षा कमी असेल तर पुलह रोज काही तास क्षितिजाखाली जातो, २८ पेक्षा कमी असेल तर क्रतू पण. मग काय? यावर जुना उपाय आहे. इंग्लिश नॉक्टर्नलवर तासांच्या चकतीला बरेचदा दोन टोकं असायची, एक मोठ्या अस्वलासाठी म्हणजे सप्तर्षीसाठी, एक छोट्या अस्वलासाठी म्हणजे ध्रुवमत्स्यासाठी. तारा बदलला की तारखेवर लावायचं टोक बदलायचं, बाकी सगळं तेच.

ध्रुवमत्स्यातला कोकॅब हा ध्रुवापासून १६ अंशांवरच आहे, त्यामुळे तो फार कमी वेळा मावळतो. तो क्रतूच्या ३ तास ४७ मिनिटं मागून येतो, म्हणून तासांच्या चकतीवर पहाटे ३:४७ च्या जागी वेगळ्या रंगाचं टोक चिकटवा आणि कोकॅब वापरताना ते टोक तारखेवर लावा. तोटा एवढाच की तारा ध्रुवाच्या जवळ असल्यामुळे ध्रुवताऱ्याचा तो पाऊण अंशाचा फरक इथे जास्त भोवतो, ९ मिनिटांपर्यंत.

तिसरं टोक जुन्या यंत्रांवर मी पाहिलेलं नाही पण अवश्य लावा, शर्मिष्ठेसाठी. शर्मिष्ठा सप्तर्षीच्या जवळपास समोरच्या बाजूला आहे, एक खाली गेलं की दुसरं वर असतं. तिच्या एम आकारातला कडेचा तारा कॅफ घ्यायचा, आकाश फिरतं त्या दिशेने सगळ्यात पुढे असतो तो. टोक दुपारी १:०५ च्या जागी. दुपारचे तास आखायला सांगितले ते यासाठी. उदाहरणार्थ १० नोव्हेंबरला कॅफ ध्रुवाच्या बरोबर डोक्यावर असेल तर रात्रीचे ८:५० च्या आसपास वाजलेत, तुमचं यंत्र लावून बघा हेच यायला पाहिजे.

ध्रुवभ्रमयंत्र

नॉक्टर्नल जमलं की हे पण करून बघा. साधारण १४२३ च्या सुमारास पद्मनाभ या ज्योतिर्विदाने ध्रुवभ्रमयंत्र रचलं. आयताकृती पट्टी, वरच्या बाजूला एक आडवी फट, आणि मधे ओळंब्यासारखा लोंबणारा दर्शक. ध्रुवमत्स्याची दोन टोकं, म्हणजे ध्रुवतारा आणि कोकॅब, दोन्ही एकाच वेळी फटीतून दिसतील अशी पट्टी तिरकी करायची, की दर्शक आपोआप खाली बघत वर्तुळावरच्या घटिका दाखवतो. एक घटिका २४ मिनिटांची, वर्तुळावर ६ अंश. त्यावर नक्षत्रवेळ येते, म्हणजे सूर्याऐवजी ताऱ्यांच्या फेरीवरून मोजलेली वेळ, तिच्यावरून लग्न (त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) आणि सूर्याची जागा धरून रात्रीची वेळ काढायची.

विचार किती वेगळा आहे बघा. नॉक्टर्नलमधे यंत्र सरळ धरून काटा कलवायचा, इथे यंत्रच ताऱ्यांबरोबर कलतं आणि सरळ काय ते वजन ठरवतं, त्यामुळे हात सरळ ठेवायची कटकटच संपली. आपल्याच पुठ्ठ्यावर हे करता येतं: चकत्यांच्या ऐवजी एकच २४ तासांचं वर्तुळ, वर १५ सेंटीमीटर लांब आणि ३-४ मिलीमीटर रुंद आडवी फट, मधे टाचणीवर सहज फिरणारा जड टोकाचा दर्शक. ध्रुवतारा फटीच्या कुठल्या टोकाला ठेवायचा हे एकदा ठरवून तिथे खूण करा, नाहीतर १२ तासांचा गोंधळ होईल. पहिल्या रात्री कोकॅब फटीत आणून दर्शक जिथे थांबेल तिथे मोबाईलवरची त्या क्षणाची नक्षत्रवेळ लिहा, आणि तिथून तासाला १५ अंशांनी पुढचे आकडे. दिशा कुठली हे पुस्तकात शोधू नका, तासाभराने परत एकदा बघा, दर्शक ज्या बाजूला सरकलेला दिसेल त्याच बाजूला आकडे वाढवत न्या.